घरच्या घरी टर्बो गाडी बांधताना इंजिन कोणतं घ्यावं? माझं मत: मुळात टर्बोसाठीच घडवलेलं

गोरेगावकर:
आमच्या शेडमध्ये फियाट पालिओ १.२ उभी आहे, इंजिन उतरवलेली. तिच्यात टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेलं इंजिन बसवायचंय, फक्त ट्रॅक आणि ड्रॅगसाठी. तिघांत वाद पेटलाय. एक म्हणतो जुन्या होंडा सिटीचं १.५ व्हीटेक आणून वर टर्बो लावू. दुसरा फोर्ड आयकॉनच्या १.६ रोकॅमवर अडून बसलाय. मी म्हणतो लिनिआ टी-जेटचं १.४ घ्या, आणि अख्खं घ्या.

बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब. १ बार बूस्ट म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट. तो सोसायचा पिस्टननी, रिंगांनी, कनेक्टिंग रॉडनी आणि हेड गॅस्केटने. टी-जेटचं सगळं सामान हे ओझं धरूनच बनलंय. ब्लॉक बिडाचा आहे. इंजेक्शन साधं मल्टिपॉइंट, त्यामुळे पुढे मोठे इंजेक्टर टाकणं सोपं. लिनिआत हे इंजिन ११४ पीएस द्यायचं. २०१५ च्या अबार्थ पुंटोत कंपनीनेच १.४ टी-जेटमधून १४५ काढले. शिवाय पालिओचं १.२ आणि हे, दोन्ही फियाटच्या फायर घराण्यातली इंजिनं. अजून काय हवं?

सायनचा व्हीटेक:
साफ असहमत. फियाटने इथे गाड्या बनवणं थांबवून वर्षं झाली. शर्यतीच्या आदल्या रात्री टी-जेटचा एखादा सेन्सर गेला तर कुठे धावणार? होंडाच्या डी-सीरिजला, म्हणजे या १.५ च्या घराण्याला, जगभर पोरं टर्बो लावत आली आहेत. पिस्टन, गॅस्केट, मॅनिफोल्ड सगळं मागवता येतं, मोडतोडीचं सामान कुर्ल्यात मिळतं. व्हीटेकचं हेड टर्बोशिवाय १०६ बीएचपी देतं. त्यावर ०.४ बार द्या, इग्निशन टायमिंग मागे ओढा (ठिणगी जरा उशिरा पाडा), आतल्या पार्टला हातही लावायला नको. आणि तयार टर्बो इंजिन उचलून बसवलं तर तुम्ही बांधलं काय? फिटिंगच केलं ना?

परळचे काका:
सायनवाले, ०.४ वर थांबणारा माणूस मी अजून पाहिला नाही. महिन्याभरात बूस्ट वाढवायला बूस्ट कंट्रोलर येतो. तुमचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि ओपन डेक, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडेला चहूबाजूंनी पाणी, आधार नाही. बूस्ट वाढला की सिलिंडर वरून हलतो आणि हेड गॅस्केट जातं.

त्याच्याही आधी मरतात रिंगा. टर्बोत रिंग जास्त तापते आणि फुगते. टोकांमध्ये जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) अडकते आणि पिस्टनची रिंगेखालची कड तुटते. लोक मग ट्यूनरच्या नावाने बोंब मारतात. इंजिन खोललंच तर रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकला आणि टोकांमधल्या फटीला फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) लावा. तुमच्या ७५ मिमी बोअरला मी ०.३५ मिमीच्या खाली जाणार नाही. कमी भरलं तर एकाच टोकाला बारीक कानस, थोडी थोडी. आतल्या पार्टला हात लावायला नको, हे म्हणूनच मला पटत नाही.

माझं मत रोकॅमला. बिडाचा ब्लॉक, ८ व्हॉल्व्ह, टायमिंग चेन. ब्राझीलमध्ये फोर्डने याच घराण्याच्या १.० इंजिनावर स्वतः सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप) बसवून फिएस्टा विकली. स्वस्तात मिळतं आणि शिकायला याच्यासारखं दुसरं नाही.

वाशी ट्यूनिंग:
गोरेगावकर, टी-जेट घेतलंत तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), बॉडी कॉम्प्युटर, चावी आणि पूर्ण वायरिंग एकाच गाडीचं घ्या. फियाटचा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) ईसीयू, बॉडी कॉम्प्युटर आणि चावी यांची ओळख जुळल्याशिवाय इंजिन चालू ठेवू देत नाही. वायरिंग कापून दिलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको.

बाकी सगळ्यांसाठी: पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. जुनी ट्यूनिंग १४.७ च्या हवा-इंधन गुणोत्तरावर बेतलेली असते, ई२० ला ते साधारण १३.५ लागतं. म्हणजे तेवढ्याच हवेला ८ ते ९ टक्के जास्त इंधन. इंजेक्टर आधीच काठावर असतील तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ पडणार आणि पिस्टन वितळणार. वाइडबँड मीटर (हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारं) लावल्याशिवाय बूस्ट देऊ नका, इंजिन कुठलंही असो.

मालाडची पोरगी:
गाडी ट्रॅकवर ट्रेलरनेच न्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ ची दुरुस्ती एकदा वाचा. परवानगीविना असा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

गोरेगावकर:
ट्रेलरचं ठरलेलंच आहे. काका, रिंगांचं अगदी पटलं, पण तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो. रोकॅमला पिस्टन, रिंगा, मॅनिफोल्ड, टर्बोचं ऑइल परत यायला सम्पला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) भोक, हे सगळं करायचं, आणि प्रत्येक ठिकाणी चुकायची सोय. ऑइलची ती नळी जरा जरी वर चढली तर टर्बोच्या सीलमधून धूर. टी-जेटमध्ये हे आधीच सोडवलेलं आहे. सायनवाले, फिटिंगला कमी लेखू नका. माउंट, ड्राइव्हशाफ्ट, इंटरकूलरची जागा, कूलिंग, ब्रेक, हे बांधणंच आहे. तिथेच आमचा जीव जाणार आहे.

परळचे काका:
मग घ्या टी-जेट, पण मुंबईच्या भंगारात पुरात बुडालेल्या गाड्या फार. चारही प्लग काढा, एकेक पिस्टन अगदी वर आणा आणि भोकातून सळी घालून खोली मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर पाणी ओढून रॉड वाकलाय. ते इंजिन तिथेच सोडा.

सायनचा व्हीटेक:
काकांची ही युक्ती लिहून घेतली. इंजिनाबद्दल माझं मत तेच. टी-जेटचे सेन्सर आणि टायमिंग बेल्ट कुठून मिळणार ते आधी इथे लिहा, मग बोलू.