सोपान चाचणीत मुलाला थांबवलं, तर माझं काय चुकलं?

स्काऊटमास्तर_सातारा: काल इथे एका पालकांनी लिहिलं, "गळ्यात शिट्टी आली की या मास्तरांच्या अंगात येतं, मुलांना उगाच अडवतात." गप्प बसवेना. २२ वर्षं पथक चालवतोय. यंदा तृतीय सोपानाच्या, म्हणजे स्काऊटमधल्या तिसऱ्या पायरीच्या, शिबिराला एका मुलाचं नाव पाठवलं नाही. लॉगबुक सुरेख, पण अक्षर आईचं. मोडलेल्या हातासाठी स्कार्फची झोळी बांध म्हटलं, तर पक्क्या रीफ गाठीऐवजी तिच्यासारखी दिसणारी कच्ची ग्रॅनी मारली. हाताचा भार पडताच गाठ सरकली. रीफ म्हणजे उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, हे प्रथम सोपानातलं. तिथे सही माझीच आहे. तेव्हा मी ढिलाई केली, आता पुन्हा करू?

आरवची_आई: सर, कालचं ते लिहिणारी मीच. लॉगबुकातलं अक्षर माझं, मान्य. तो सांगायचा, मी उतरवायचे. त्याला लिहायला त्रास होतो, शाळेला माहीत आहे. तुम्ही विचारलंत? शेरा मारून वही परत केलीत. पोराने दोन दिवस कपाटातून स्कार्फ काढला नाही.

जुना_रोव्हर: स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनीच बजावलंय, की बॅज देताना मुलाने किती कष्ट घेतले ते बघा. आमच्या संघात एक बुजरा मुलगा होता. त्याला शेवटपर्यंत दोर आखूड करायची शीपशँक गाठ जमली नाही, पण रात्री तंबूत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांच्या सॅक त्यानेच उचलल्या. त्याला मागे ठेवला असता?

दहावीचा_बाप: मुळात हा सगळा घोळ बोर्डाच्या वाढीव गुणांनी घातलाय. तृतीय सोपानापुढचा राज्य पुरस्कार मिळाला की दहावीला गुण, म्हणून आठवीपासून पोरं आणून सोडतात. आमच्या गल्लीतल्या एकाने गणवेश फक्त शिबिरापुरता शिवला.

गाइड_कॅप्टन: गुणांवर घसरू नका! खेळाडूंना मिळतात तेव्हा कुणी बोलत नाही. माझ्या मुली पहाटे पाचला उठून चूल पेटवतात, त्यांनी ते गुण कमावलेत.

दहावीचा_बाप: तुमच्या मुलींबद्दल मी बोललोच नाही. न शिकवता सह्या देणाऱ्यांबद्दल बोललो.

गाइड_कॅप्टन: मग तसं स्पष्ट लिहायचं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

जुना_रोव्हर: गुण बंद करा, पथकं निम्मी रिकामी होतील. हे मलाही कबूल करावं लागतंय.

स्काऊटमास्तर_सातारा: ताई, त्याच्या त्रासाचं मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. वहीचा शेरा मागे घेतो. गाठीचा नाही. उद्या कुणाचा खरा हात मोडला नि झोळी सुटली, तर? रोव्हरसाहेब, कष्ट मीही बघतो, पण प्रथमोपचारात कष्टावर भागत नाही. शनिवारी साडेचारला मैदानावर पाठवा. धाकट्यांसमोर बांधून दाखवू दे. नीट बसली तर पुढच्या शिबिराला नाव जाईल.

आरवची_आई: पाठवते. पण धाकट्यांसमोर नको.