वाड्यातल्या तोफांचा गंज कसा थांबवावा?

आमच्या वाड्यात तीन लोखंडी तोफा आहेत. लहानपणी त्यांच्यावर बसून घोडा-घोडा खेळलो. आजी वर कुरडयांचं फडकं पसरायची, मधलीच्या तोंडात तर मांजर व्यायली होती. दसऱ्याला आजोबा तिघींना गोडेतेल चोळून झेंडू वाहायचे. आता पापुद्रे सुटताहेत. गेल्या वर्षी हौसेनं ऑइलपेंट फासला, तो पावसाळ्यात फोडांसारखा फुगला. काय करू?

उत्तर: आधी पेंट उतरवा. ॲसिड अजिबात नको. मऊ ब्रशनं सुटा गंज तेवढाच काढा, पूर्ण कोरडं करून मेण लावा. मातीत टेकवू नका, दगडी ठोकळ्यांवर घ्या. तोंड किंचित खाली ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

उत्तर: थांबा! आत बार शिल्लक नाही ना? काळी दारू जुनी झाली तरी पेटते. सळई खुपसू नका, जाणकार बोलवा. आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो.

प्रश्नकर्ता: बापरे. दिवाळीत आम्ही मधलीच्या कान्यात (बत्ती द्यायच्या भोकात) लवंगी खोचून उडवायचो. आजोबा ओट्यावरून टाळ्या वाजवायचे!