त्रिनिदादच्या कार्निव्हलला जायचंय, सोबत आई आणि ८ वर्षांची लेक, सल्ला हवाय

कोथरूड_ते_एडिसन
नमस्कार मंडळी, आम्ही न्यूजर्सीत राहतो, आई पुण्याहून ६ महिन्यांसाठी आलीय. २०२७ चं कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे, सोमवार-मंगळवार, आणि न्यूयॉर्कहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान साधारण ५ तासांचं, म्हणून डोक्यात घेतलंय. पण फोटोत बघावं तर सगळीकडे पिसं आणि मण्यांची बिकिनी, आईला आणि लेकीला घेऊन तिथे करायचं काय? आई शाकाहारी, गुडघे बरे आहेत, पण रात्रभर जागरण जमणार नाही. कोणी जाऊन आलंय का? की त्यापेक्षा बार्बाडोस बरं?

लिंबोणी
मी दोनदा गेलेय आणि जीव तोडून सांगते, जाच. फक्त सोम-मंगळवार धरून जाऊ नका, निदान आधीच्या बुधवारी पोचा. खरं कार्निव्हल मला पॅनयार्डात सापडलं. पॅनयार्ड म्हणजे स्टीलपॅनच्या (तेलाच्या पिंपापासून केलेल्या वाद्याच्या) बँडची सरावाची जागा, ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्सचं आहे, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्सचं, संध्याकाळी सरळ आत जाऊन बसायचं, सरावाला तिकीट नसतं. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल पथकांचा सराव बघितला असेल ना, तसंच वातावरण, पोरं ऑफिसातून, शाळेतून थेट आलेली असतात. मोठ्या बँडात शंभरावर वादक आणि समोर नोटेशनचा एकही कागद नाही, सगळं पाठ. माझ्या शेजारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वाजवत होती, काडीच्या टोकाला रबर गुंडाळलेलं, आणि एकच चार मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा, वीसेक वेळा तरी वाजवला असेल, मग बँडमास्तरने नुसती मान हलवली आणि ती पुढच्या तुकड्यावर गेली. तुमच्या लेकीला हे आधी दाखवा. शनिवारी रात्री सव्हानात, म्हणजे क्वीन्स पार्क सव्हानाच्या मोठ्या मैदानात, याच बँडांची पॅनोरामाची फायनल असते, १९६३ पासून चालू आहे ही स्पर्धा.

आणि शनिवारी सकाळी लहान मुलांची मिरवणूक असते ती अजिबात चुकवू नका. पोरं फुलपाखरं, मासे, सैतान बनून येतात, मोको जंबी म्हणजे उंच काठ्यांवर चालणारी मुलंसुद्धा असतात, आईसुद्धा आरामात बघू शकतील.

माहीमकर_टोरंटो
लिंबोणीताईंशी सहमत, पण थोडं वेगळं सांगतो. एवढ्या लांब जाऊन नुसतं बघून परत येऊ नका, निदान तुम्ही दोघांनी आळीपाळीने ज्युवे खेळा. सोमवारी पहाटे ४ च्या सुमारास सुरू होतं, चिखल, रंग, काही गटांत चॉकलेटसुद्धा अंगाला फासतात, आपली धुळवडच पण अंधारात, आणि उजाडेपर्यंत कोण काळा कोण गोरा कोण इंडियन काही कळत नाही. जुने कपडे, जुने बूट, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. महागडा पिसांचा ड्रेस घेऊन मंगळवारी मास खेळायचं, म्हणजे वेश करून मिरवणुकीत नाचायचं असेल तर त्याची नोंदणी आदल्या वर्षीच सुरू होते आणि खर्च शेकड्यांनी डॉलरमध्ये जातो, पहिल्या खेपेला ज्युवे पुरे.

जमलं तर शुक्रवारी पहाटे पिकॅडिली ग्रीन्सला कॅनबुले या जुन्या मशालींच्या मिरवणुकांवरचं नाट्य असतं ते बघा. १८८१ मध्ये पोलिसांनी या मिरवणुका थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा गुलामगिरीतून सुटलेले लोक आणि त्यांचे वंशज लाठ्या घेऊन भिडले, तो प्रसंग करून दाखवतात. पुढे १८८४ मध्ये ढोलांवर बंदी आली, म्हणून लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे आले, मग तेलाची पिंपं, आणि त्यातून स्टीलपॅन घडलं. हे माहीत असलं की शनिवारची फायनल ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्या तरी आला.

कोथरूड_ते_एडिसन
बापरे, केवढं लिहिलंत दोघांनी, मनापासून धन्यवाद! आईच्या जेवणाचं काय?

लिंबोणी
आईंची अजिबात काळजी करू नका! १८४५ ते १९१७ मध्ये तिकडे १ लाख ४० हजारांहून जास्त लोक भारतातून उसाच्या मळ्यांवर करारावर गेले, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, त्यामुळे रस्त्यावरच शाकाहारी मिळतं. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात), मध्ये छोले, वर कैरीचं लोणचं, म्हणजे कुचेला, तिखट कमी हवं तर 'स्लाइट पेपर' म्हणायचं. सादा रोटी आणि वांग्याचा चोका खाऊन माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगं हे तर आपलं भरीतच. चटणी सोका ऐकवा त्यांना, सोका म्हणजे तिथलं कार्निव्हलचं नाचाचं संगीत, तेच ढोलक आणि धांताल (लोखंडी दांडीचं तालवाद्य) यांच्या ठेक्यावर, शब्द अर्धे हिंदी अर्धे इंग्रजी.

समुद्रपक्षी
बार्बाडोसचं विचारलंत म्हणून. तिथलं क्रॉप ओव्हर हा ऊसतोडीच्या हंगामाच्या शेवटाचा उत्सव, त्याचा मोठा दिवस कडूमेंट ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, शाळेला सुट्टी असते, ही मोठी सोय. आटोपशीर आणि छान आहे, पण पॅन ऐकायचं असेल तर त्रिनिदादच.
दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. मिलिटरी छापाचे कपडे त्रिनिदादमध्ये कायद्याने बंद आहेत, मुलांची चड्डीसुद्धा नको. आणि आई तिथून लगेच भारतात परतणार असतील तर यलो फीवरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं.

कोथरूड_ते_एडिसन
अरे हे माहीतच नव्हतं! आईचं मुंबईचं तिकीट १३ फेब्रुवारीचं आहे आणि ती ६७ ची आहे.

समुद्रपक्षी
मग लस आपल्या मनाने देऊ नका, साठीनंतर ती जरा जपून देतात, आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर तिकीट पुढे ढकला. त्रिनिदाद सोडल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलं तर प्रश्न येतो, त्यामुळे एडिसनला परत येऊन पूर्ण आठवडाभर राहू द्या आणि मग पाठवा.

कोथरूड_ते_एडिसन
तिकीट २० तारखेचं करून घेतलं आत्ताच. आई म्हणतेय शनिवारी पोरांची मिरवणूक आणि रात्री पॅन, दोन्ही बघणार, जागरणाचं मी बघते.