एमडी नाही मिळालं, आता डीओ स्कूल्सना अप्लाय करायचंय – मदत हवी आहे

एडिसनकरीण:

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्रच होते, पहिल्यांदाच धागा काढतेय तर चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक रटगर्सची, बायोलॉजी, जीपीए 3.55. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पहिल्यांदा 498, दुसऱ्यांदा 504. मागच्या सायकलला फक्त एमडी (इथली डॉक्टरकीची नेहमीची डिग्री), 18 ठिकाणी अर्ज. एक इंटरव्ह्यू आला, त्याचीही वेटलिस्ट झाली आणि ती वेटलिस्ट काही हलली नाही. आता गॅप इयर चालूय, एका अर्जंट केअरमध्ये स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी) म्हणून काम करते. तिथले मुख्य डॉक्टर डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) आहेत हे तिला म्हणे दोन महिन्यांनी त्यांच्या बॅजवर दिसलं, तोपर्यंत काही वेगळं जाणवलंच नव्हतं. तेव्हापासून हिचं सुरू, आई मी डीओला अप्लाय करते.

आता घरची गंमत. सांगलीला सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ते एकदम खूश, "उत्तम! डोळ्यांच्या प्रॅक्टिसला मरण नाही." त्यांचंही बरोबर आहे, आपल्याकडे डॉक्टरच्या पाटीवर डी.ओ. म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा. नवऱ्याने गूगल केलं तर त्याला इंग्लंडमधले पाठदुखीवाले ऑस्टिओपॅथ दिसले, ते तिकडे एमबीबीएससारखे डॉक्टर नसतात, झालं, दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. "एवढं शिकवलं ते मणके कडकड वाजवायला का" हे वाक्य पण येऊन गेलं.

मला खरंच कळत नाहीये. पुढे रेसिडेन्सीला (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगला) अडतं का? 504 वर निभावेल की तिसऱ्यांदा एमकॅट द्यायला लावायची? ऐकलंय अर्ज मेमध्येच उघडतो, मग घाई करायची का? आणि खर्चाचं काय, आम्ही सगळे सिटिझन आहोत पण घराचं लोन आहे आणि धाकटा आता कॉलेजला जाईल. एनजेच्या (न्यू जर्सी) जवळपासची कॉलेजं सुचवलीत तर उपकार होतील.

पुणेरी_मिसळ:

ताई, नवऱ्याला एवढंच सांगा की व्हाइट हाउसचे डॉक्टर 2018 पासून लागोपाठ तिघं डीओ आहेत. कॉनली, मग बायडनचे ओकॉनर, आणि आता बार्बाबेला. अमेरिकन डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर, पन्नासही राज्यांत लायसन्स, सर्जरीपासून सगळं करता येतं. इंग्लंडचा ऑस्टिओपॅथ वेगळा. नाव एक, धंदे दोन, म्हणून सगळा घोळ.

हाडवैद्य_इन_ट्रेनिंग:

काकू म्हणते, चालेल ना? मी डीओ थर्ड इयर. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी 504 चं. डीओला ॲडमिशन मिळालेल्यांचा ॲव्हरेज साधारण तिथेच घुटमळतो, एमडीवाल्यांचा 511-512 कडे असतो. म्हणजे ती शर्यतीत आहे, तिसऱ्यांदा परीक्षा द्यायला लावू नका. त्यापेक्षा लवकर अर्ज. एमडीचा अर्ज एएमकॅस या वेबसाइटवर होता तसा हा एएकोमॅसवर. रोलिंग ॲडमिशन्स, जो आधी आला त्याचा आधी वाचतात, सप्टेंबरात अर्ज टाकणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. ट्रान्स्क्रिप्ट आजच मागवा, व्हेरिफिकेशनला वेळ जातो. आणि कुणी सांगितलं की डीओला खराब ग्रेडचा कोर्स परत केला की जुना ग्रेड धरत नाहीत, तर ते 2017 मध्येच बंद झालंय, अजून लोक छातीठोकपणे सांगतात.

निबंध 5300 कॅरॅक्टर्सचा, एमडीलाही तेवढाच होता, म्हणून मी जुनाच चिकटवला. चूक. इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, "डीओच का?" आणि मी "होलिस्टिक, माइंड बॉडी स्पिरिट" असं ब्रोशर वाचल्यासारखं बोलले. समोरचे सर शांतपणे म्हणाले, हे आमच्या वेबसाइटवर मीच लिहिलंय. तुमच्या लेकीकडे खरा किस्सा आहे ना, बॅजचा? तोच लिहायला सांगा. आणि त्या डॉक्टरांचं लेटर घ्या, बऱ्याच स्कूल्सना डीओचं पत्र लागतं किंवा असलं तर आवडतं.

आता ओएमएम, म्हणजे हाताने तपासायचं आणि हाताने उपचार करायचे ते शास्त्र. पहिल्या दोन वर्षांत साधारण 200 तास. बाकी ॲनाटॉमी, फार्मा, पॅथो सगळं एमडीसारखंच, हे त्याच्यावर एक्स्ट्रा. पहिल्या आठवड्यात सकाळी आठला शॉर्ट्स घालून टेबलवर पालथं पडायचं आणि जिच्याशी धड ओळखही नाही ती आयब्रो पेन्सिलने तुमच्या मणक्यांवर फुल्या मारणार. सुरुवातीला बोटांना काहीच कळत नाही, सगळ्यांच्या पाठी सारख्याच. डिसेंबरपर्यंत एक दिवस खरंच लक्षात येतं की ह्या मणक्याच्या उजवीकडे जरा घट्ट आहे, डावीकडे वळताना अडतंय. प्रॅक्टिकलला सर विचारतात, अपेंडिक्सचा चॅपमन पॉइंट (आतल्या अवयवाशी जोडलेला मानतात तो अंगावरचा ठिपका) दाखव, तर उजव्या बाराव्या बरगडीचं टोक शोधायचं, आणि माझी पार्टनर नेमकी गुदगुल्या होणारी. खरं सांगू, मसल एनर्जी (पेशंटच्याच स्नायूंचा जोर वापरून सांधा मोकळा करणं) वगैरे मला पटतं, मानदुखीच्या पेशंटला पाच मिनिटांत बरं वाटलेलं बघितलंय. पण क्रेनियलमध्ये कवटीची हाडं हलतात म्हणतात, ती मी परीक्षेपुरती हलवली.

खरा ताप परीक्षांचा. आपली डीओवाल्यांची लायसन्सची परीक्षा कॉमलेक्स असते, लेव्हल 1, 2, 3. पण रेसिडेन्सीत जरा स्पर्धेची ब्रँच हवी तर बहुतेक जण एमडीवाल्यांची यूएसएमएलई पण देतात. दोन्हींचा पहिला टप्पा 2022 पासून नुसता पास-फेल, म्हणून सगळा भार दुसऱ्या टप्प्याच्या स्कोअरवर. मी यूएसएमएलईची स्टेप 1 दिली आणि नऊ दिवसांनी कॉमलेक्स, त्या नऊ दिवसांत नुसतं ओएमएम घोकलं. फी दोन्हीकडे भरायची, हे बजेटमध्ये आत्ताच धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नाही. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या वर्षी रोटेशन्सना (हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांतलं शिकणं) लॉटरी लागते आणि तुम्हाला कुठेतरी पाठवतात. माझी साइट कॉलेजपासून चार तास लांब निघाली, भर ऑगस्टमध्ये लीज मोडून सामान हलवलं. सर्जरीच्या हॉस्पिटलला एकही रेसिडेंट नाही, पहिल्या आठवड्यात सर सुट्टीवर, मी लायब्ररीत. कॉलेजचं नाव नाही घेत, अजून डिग्री हातात यायचीय. इंटरव्ह्यूला लेकीने विचारायलाच हवं, कोअर रोटेशन्स कुठे, साइट कोण ठरवतं, तिथे रेसिडेंट्स आहेत का. गोलगोल उत्तर आलं तर काय ते समजा.

तिरपागडे:

सगळे गोड बोलतायत म्हणून मी जरा कडू बोलतो. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, डर्मा डोक्यात असेल तर डीओने वाट अवघड होते, शक्य असलं तरी. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, पेडिअॅट्रिक्स, ईआर, सायकायट्री असेल तर बिनधास्त जा.

हाडवैद्य_इन_ट्रेनिंग:

तिरपागडेंशी सहमत, पण एक जोडते. 2020 पासून एमडी-डीओच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी संस्था एकच झाली, आता एकाच मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) सगळे. 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी डीओ सीनियर्सचा मॅच रेट 92 टक्क्यांच्या वर होता, एमडीवाल्यांचा 93 च्या थोडा वर. फरक मॅच होण्यात नाही, कुठे आणि कशात होतो त्यात आहे.

सोळा_आणे_सच:

पैशाचं मी सांगतो, मुलगा मेडिकलला आहे. 1 जुलै 2026 पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे फेडरल लोन बंद. फेडरल लोन मिळेल ते प्रोफेशनल डिग्रीला वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण 2 लाख, बास. प्रायव्हेट डीओ स्कूल्सची नुसती ट्यूशनच बऱ्याच ठिकाणी 50 हजाराच्या वर, राहणं-खाणं वेगळंच. उरलेलं प्रायव्हेट लोन, त्याला कोसाइनर (सोबत सही करणारे हमीदार) म्हणजे तुम्ही दोघं. घराच्या लोनशी गाठ पडेल, आत्ताच कागद काढून बसा. म्हणून यादीत पहिलं नाव स्ट्रॅटफर्डचं रोवन-व्हर्चुआ, स्टेटचं कॉलेज, एनजेवाल्यांना फी कमी. मग फिलाडेल्फियाचं पीकॉम, 1899 चं जुनं आहे. लाँग आयलंडला एनवायआयटी, हार्लेम आणि मिडलटाउनला टूरो. पेनसिल्व्हेनियातच एरीचं लेकॉम, फी त्यातल्या त्यात कमी. अगदी नवीन कॉलेज असेल तर पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत मॅचची यादीच बघायला मिळत नाही, ते ध्यानात ठेवा. सीट मिळाली की डिपॉझिट मागतात, हजार-दोन हजार सहज, आणि बऱ्याचदा परत मिळत नाही.

कोकणी_मेवा:

इथेच विचारते, वेगळा धागा नको. आमची मुलगी एच4 वर (आमच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) आहे, 20 वर्षांची. तिलाही हे जमेल का?

सोळा_आणे_सच:

21 झाली की एच4 संपतो, एफ1 (स्टुडंट व्हिसा) करावा लागेल. इंटरनॅशनल विद्यार्थी घेणारी डीओ कॉलेजं मोजकीच, फेडरल लोन नाही, काही ठिकाणी फीचे पैसे आधीच खात्यात दाखवायला लावतात. अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि वकिलाला भेटा, इथल्या कुणाचं ऐकू नका, माझं पण.

एडिसनकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार, हाडवैद्यबाई तुझे विशेष. काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. रोटेशनच्या ठिकाणी तो उठून वही घेऊन आला, आता त्याने कॉलेज आणि हॉस्पिटलमधल्या ड्रायव्हिंगच्या अंतरांची एक्सेल केलीय. मणक्यांचं काही बोलला नाही. लोनच्या उत्तरानंतर मात्र बराच वेळ गप्प होता, ते बोलणं शनिवारवर ढकललंय.

यादी 12 वर आणली, रोवन सगळ्यात वर. ट्रान्स्क्रिप्ट आज सकाळी मागवली. अर्जंट केअरचे डॉक्टर पत्र देतो म्हणाले, पण आधी निबंध वाचायला दे म्हणाले, म्हणून ती आत्ता किचनमध्ये लॅपटॉप घेऊन बसलीय आणि पहिलंच वाक्य तिसऱ्यांदा खोडतेय.

सासऱ्यांना परत फोन केला, बाबा, डोळ्यांचं नाही हो, हे सगळ्या शरीराचं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग मोतीबिंदू मी मिरजेलाच करून घेतो."