आधी वर्ग की आधी किल्ल्या? टेक्सासच्या काउंटी जेलमधले नवे जेलर

पेकनखालचा
आमच्या गल्लीतला 19 वर्षांचा पोरगा. परवापर्यंत घरोघर पिझ्झा पोचवायचा, या आठवड्यात अंगावर गणवेश. काउंटी (इथला जिल्हा म्हणा) जेलमध्ये जेलर म्हणून लागलाय. ‘ट्रेनिंग झालं का?’ विचारलं तर म्हणाला, ‘ते नंतर, सध्या रात्रपाळी.’

मला वाटलं थापा मारतोय. पण खरंच आहे. टेक्सासमध्ये 18 पूर्ण आणि हायस्कूल पास असेल तर तात्पुरत्या परवान्यावर उभं करता येतं. मूलभूत कोर्स वर्षाच्या आत उरकला की झालं.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रिझन राज्याचं, शिक्षा झालेल्यांचं. जेल शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाचं, आणि त्यात बहुतेक कच्चे कैदी. काल रात्री पिऊन गाडी चालवताना सापडलेला, जामिनाला पैसे नसलेला, डोकं ठिकाणावर नसलेला, सगळे एकाच दारातून आत येतात. अमेरिकेतल्या या स्थानिक जेलांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं एकच कारण अनेक वर्षं आत्महत्या हेच राहिलंय.

सँड्रा ब्लँड आठवते? जुलै 2015, वॉलर काउंटी. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून गाडी अडवली, शब्दाला शब्द वाढला, अटक झाली. जामीन 5000 डॉलर. त्याचे दहा टक्के, साधारण 500, भरले असते तर सुटली असती. तीन दिवसांनी कोठडीत गळफास. राज्याच्या तुरुंग आयोगाने त्या जेलला दोन गोष्टींवर पकडलं: तासातून एकदा प्रत्येक बंदी प्रत्यक्ष पाहिला जात नव्हता, आणि मानसिक आजारांबद्दल प्रशिक्षण दिल्याचा पुरावा नव्हता. 2017 मध्ये तिच्या नावाचा कायदा आला, जेलरांना मानसिक आरोग्याचं 8 तासांचं शिक्षण सक्तीचं झालं. तात्पुरता परवाना मात्र शाबूत.

माझं म्हणणं: तो बंद करा. आधी वर्ग, मग किल्ल्या.

रातपाळी
असहमत. मी चार वर्षं डिटेन्शन ऑफिसर होतो. काउंटीचं नाव विचारू नका.

वर्गात काय शिकलो? कायदा, अहवाल कसा लिहायचा, बेड्या, आणि स्वतःच्या डोळ्यांत मिरचीचा फवारा मारून घेणं. (तो दिवस जन्मभर लक्षात राहतो, पण कामाला फारसा येत नाही.) खरं काम म्हणजे फेरी, आणि ती मला शिकवली पहिल्या रात्री सोबत असलेल्या एका बाईंनी. त्यांनी माझी बॅटरी धरून खाली केली. म्हणाल्या, तोंडावर झोत मारशील तर तो शिव्या घालत उठेल आणि अख्खा पॉड (कोठड्यांचा गट) उरलेली रात्र जागवेल. छातीवर धर. पांघरूण वर-खाली होईपर्यंत तिथून हलायचं नाही. एकदा नाही, दोनदा. मग पुढची कोठडी.

तोवर मी काचेतून माणसाचा आकार दिसला की वहीत वेळ टाकत होतो. आकार मेलेल्याचाही दिसतो.

हे कुठल्या पुस्तकात आहे? आधी वर्गात बसवलं असतं तर जमिनीवर येईपर्यंत अर्धं विसरलो असतो. महिनाभर काम करून गेलो म्हणून प्रश्न तरी विचारता आले.

सिस्टर_माई
रातपाळी, तुमच्या नशिबात त्या बाई आल्या. सगळ्यांच्या येत नाहीत. मी जेलमध्ये नर्स होते, मला दुसरंच दिसलं: जुना माणूस कसब शिकवतो तशी खोडही शिकवतो.

रोज दारू पिणारा आत आला की त्याची दारू एकदम तुटते. हात थरथरतात, घाम येतो. दोनतीन दिवसांत भिंतीवर किडे दिसायला लागतात, फेफरंही येतं. वेळेत औषध नाही मिळालं तर माणूस जातो. आमच्याकडे एक जण ब्लँकेटवरून काहीतरी वेचत बसला होता. नव्या मुलाने बघितलं, घाबरला, सीनियरला विचारलं. सीनियर म्हणाला, ‘नाटकं करतोय, लक्ष देऊ नकोस.’ मुलाने वहीत लिहिलं: बंदी जागा, तक्रार नाही. माझी गोळ्यांची फेरी अर्ध्या तासाने होती म्हणून निभावलं.

बंदीच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्येच सांगितलंय. त्या मुलाला हे पहिल्या दिवसाआधी एकाने जरी सांगितलं असतं, तर सीनियरला डावलून मला फोन करायची हिंमत त्याला झाली असती. वर्ग त्यासाठी हवा.

हिशेबी
भावना पोचल्या. आता गणित करा. टेक्सासचा नियम 48 बंद्यांमागे एक जेलर. छोट्या काउंटीत पाळीला तीनचार माणसं. दोघांना काही आठवडे कोर्सला पाठवलं तर उभं कोण राहणार? माणसं कमी पडली की बंदी भाडं भरून दुसऱ्या काउंटीत ठेवावे लागतात. मग तो वकिलापासून आणि घरच्यांपासून दोन तास लांब. हे त्याच्या भल्याचं?

पेकनखालचा
हिशेबी, खटल्यांची भरपाई धरा की गणितात. वॉलर प्रकरण 19 लाख डॉलरला मिटलं, त्यातले 18 लाख काउंटीच्या बाजूचे.

आणि नुसती फेरी नाही, हात कधी उचलायचा हेही आहेच. विस्कॉन्सिनमधल्या एका काउंटी जेलात 2010 मध्ये किंग्जली नावाच्या कच्च्या कैद्याने पलंगावरच्या दिव्याला कागद लावला आणि काढायला नकार दिला. कागदावरून सुरू झालेलं प्रकरण बेड्या घातलेल्या माणसाला टेझरचा, म्हणजे विजेचा, झटका देण्यापर्यंत गेलं, आणि तिथून सुप्रीम कोर्टात. 2015 चा निकाल: कच्च्या कैद्यावरचं बळ वाजवी होतं का, एवढंच बघायचं, अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही. हे 19 वर्षांच्या पोराला रात्री तीन वाजता सुचेल?

निवृत्त_तुरुंगाधिकारी
थोडं अवांतर. महाराष्ट्रात एकतीस वर्षं बराकी सांभाळल्या. आमच्या वेळी आधी प्रशिक्षण, मगच ड्युटी. कवायत भरपूर. तरी पहिल्या गिनतीला माझा एक बंदी कमी भरला आणि पाय लटपटले. तो संडासात होता. तेव्हा रातपाळींचंही खरं. पण एकट्याला सोडलं नव्हतं, शेजारी हवालदार होता.

रातपाळी
काकांचं पटलं. परवाना तात्पुरता असू द्या, पण त्यावर पॉड एकट्याला देऊ नका. आणि माई म्हणतात ते दारू-आत्महत्येचं पहिल्या पाळीआधी सांगा, दोन दिवस लागतील फार तर. बाकी कोर्स सावकाश.

हिशेबी
म्हणजे परत एक माणूस जास्त. कुठून आणायचा ते कुणीच सांगत नाही.

पेकनखालचा
आज पोरगा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटला. रातपाळींचं वाचून विचारलं, बॅटरी कुठे धरतोस? म्हणाला, बॅटरी स्वतःची आणावी लागते, पगार झाला की घेणार आहे.

रातपाळी
आजच घेऊन द्या. फार महाग नसते. झोत कमी-जास्त करता येणारी बघा.