म्यानमारच्या निर्वासितांसाठी आपल्या मंडळीने काय करावे?

खानापूरची वाचक: फेब्रुवारी 2021 मधील लष्करी उठावानंतर म्यानमारच्या चिन प्रांतातील हजारो लोक, ज्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत, मिझोराममध्ये आश्रयाला आले. रविवारच्या उपासनेत आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. पण सीमाभागातील लहान मंडळीची जबाबदारी तेवढ्यावर संपते का?

निपाणीकर: मुळीच नाही. मिझोराममधील चर्च त्यांच्या अन्न-निवाऱ्याचा भार उचलत आली आहेत. अर्पणातील काही रक्कम त्या चर्चकडे पाठवावी, मात्र पावती मागून घ्यावी. जुन्या साड्यांची गाठोडी कृपया नकोत, कारण मालापेक्षा भाडेच जास्त होते.

शहापूर, बेळगाव: केवळ ख्रिस्ती म्हणून कळवळा असेल, तर तो अपुरा आहे. 2017 मध्ये म्यानमारमधूनच सात लाखांहून अधिक रोहिंग्या, बहुतांश मुस्लिम, बांगलादेशात पळाले. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात परक्याला घरात घेणाऱ्याने त्याचा धर्म विचारलेला नाही.

खानापूरची वाचक: आक्षेप रास्त आहे. भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नसल्यामुळे सारे सरकारी धोरणावर अवलंबून असते. कर्नाटकातील मुंडगोडच्या तिबेटींना 1960 च्या दशकात वसाहतीसाठी जमीन मिळाली, चिन लोकांच्या वाट्याला तसे काही आलेले नाही. चर्च कमिटीच्या सभेत चिन आणि रोहिंग्या या दोन्ही समूहांचा विषय मांडते.