ज्यांच्या हाताखाली पुन्हा काम करावंसं वाटेल अशी माणसं : अनुभव धागा

गवतीचहा

परवा भाच्याचा फोन आला. हिंजवडीत असतो, नुकताच टीम लीड झालाय. म्हणाला, "मावशी, आठ जण आलेत हाताखाली, त्यातले दोघं वयानं मोठे. काम मला येतं गं, पण माणसं कशी सांभाळायची ते कुणी शिकवलंच नाही. तू एवढी वर्षं वॉर्ड चालवलास, सांग ना."

मला पटकन काही सांगता येईना. फोन ठेवला आणि आमच्या इन्चार्ज सिस्टर डोळ्यांसमोर आल्या.

१९९१. मी नवीन, मेडिसिन वॉर्डात नाईट. ४० खाटा, पेशंट ५५, उरलेले खाली गाद्यांवर. आम्ही दोघी सिस्टर, एक मावशी, एक वॉर्डबॉय. पहाटे रक्ताचे नमुने काढताना शेजारशेजारच्या दोन पेशंटच्या बाटल्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली. दोघांचं आडनाव एकच. लक्षात आलं तेव्हा सात वाजून गेले होते, नमुने लॅबमध्ये पोचलेले. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण हातपाय गार पडले होते. सिस्टर ड्यूटीवर आल्या आल्या रडतच सांगितलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "रिपोर्ट आला का कुणाचा? औषध बदललं का?" नाही म्हटल्यावर स्वतः लॅबला फोन केला, नमुने परत काढून घेतले. राउंडला मोठे डॉक्टर चढ्या आवाजात म्हणाले, कुणी केलं हे? सिस्टर म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात झालंय सर. निस्तरलंय. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते संध्याकाळी सांगते." माझं नाव घेतलं नाही.

राउंड संपल्यावर मात्र ड्रेसिंग रूमचं दार लावून अर्धा तास घेतला माझा. "आता क्रमानं सांग. किती वाजता, कुठे उभी होतीस, चिठ्ठी बाटलीवर कधी लावलीस, आधी की नंतर?" त्यातून निघालं की आम्ही सगळ्याच जणी वेळ वाचवायला चिठ्ठ्या आधीच टेबलावर लिहून, बाटल्यांवर चिकटवून ट्रे घेऊन फिरायचो. त्या दिवसापासून चिठ्ठी खाटेपाशीच लिहायची, पेशंटलाच पूर्ण नाव विचारून. आणि ड्यूटी बदलताना जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून खाटेखाटेपाशी जायचं. टेबलावर बसून हँडओव्हर बंद.

पुढच्या महिन्यात तिघीजणी आपापल्या चुका घेऊन त्यांच्याकडे गेल्या. तोवर जणू वॉर्डात चुका होतच नव्हत्या!

भाच्याला मी एवढंच सांगितलं की वाईट बातमी घेऊन माणूस तुझ्याकडे यायला धजतोय का, ते बघत जा. पण एका वॉर्डाचा अनुभव तो केवढा. तुम्हीही लिहा. वाईट अनुभवही चालतील, फक्त माणसाचं, कंपनीचं नाव नको.

पाणपोई

काटा आला वाचताना. माझी आईपण नर्स होती. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

शून्यप्रहर

भाचा हिंजवडीत आहे म्हणून लगेच लिहितोय.

रात्री दीडला आमच्या सॉफ्टवेअरमधलं पेमेंट बंद पडलं. त्यातला शेवटचा बदल मी टाकलेला. कॉलवर २२ जण, त्यात वरचे तिघं. "हू पुश्ड धिस?" (हा बदल कुणी टाकला?) सुरू झालेलं. आमची मॅनेजर म्हणाली, ते उद्या अकराला बोलू. आत्ता मला दोनच गोष्टी सांगा, काय दिसतंय आणि आधीच्या आवृत्तीवर जायला किती वेळ. ४० मिनिटांत सुरू झालं. माझ्या डोक्यात तोवर राजीनाम्याचा मजकूर तयार होता. तिनं "काय दिसतंय" विचारलं म्हणून डोकं ताळ्यावर आलं, नाहीतर मी स्वतःचा बचावच करत बसलो असतो आणि सिस्टीम बंदच.

अकराच्या मीटिंगमधल्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. वेळ आणि घटना, बस. चाचणीतला एक टप्पा गळत होता, तो घातला. आणि हो, मीटिंग झाल्यावर रात्रभर जागलेल्या सगळ्यांना तिनं घरी पाठवलं. एकेकाला विचारून, गाडी कोण चालवणार.

जुनीपेठ

सिस्टरांवरून सतीश धवन आठवले. १० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा, उपग्रह सोडणारं एसएलव्ही-३ यान समुद्रात गेलं. प्रकल्प कलामांचा. पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष धवन, सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन. १८ जुलै १९८० ला त्याच प्रकारचं पुढचं यान रोहिणी उपग्रहाला कक्षेत घेऊन गेलं, त्या दिवशी मात्र धवनांनी कलामांना सांगितलं, पत्रकार परिषद तुम्ही घ्या. कलाम स्वतः हे पुढे जन्मभर सांगत राहिले.

पाणपोई

@जुनीपेठ कितीही वेळा ऐकलं तरी दुसरा भाग जास्त आवडतो. अपयशात पुढे उभे राहणारे एकवेळ सापडतील, यशात मागे सरकणारे कुठे मिळतात!

स्लिपमधला

मग क्रिकेटमधल्या अजिंक्य रहाणेचं नाव यायलाच हवं. २०२० चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला ३६ वर आटोपलेला डाव, कप्तान कोहली घरी परतलेला म्हणून कप्तानी रहाणेकडे, शमी जखमी. आठवड्याभरात मेलबर्न. आपला माणूस ११२ वर खेळतोय, जडेजा पन्नाशीच्या एका धावेसाठी पळतो आणि रहाणे रनआउट. दुसरा कुणी असता तर बॅट आपटली असती. हा जडेजापाशी गेला, त्याला धीर देऊन मग तंबूत. सामना ८ गडी राखून जिंकला. पुढे ब्रिस्बेनला मालिका जिंकल्यावर नेथन लायनला त्याच्या शंभराव्या कसोटीबद्दल सगळ्यांच्या सह्यांची जर्सी दिली ती यानेच.

तिसरा_थर

@स्लिपमधला आणि मुंबईत घरी आल्यावर कांगारूचा केक कापायला नाही म्हणाला, ते विसरलास?

स्लिपमधला

कसा विसरेन! तो व्हिडिओ मी माझ्या अंडर-१४ च्या पोरांना दरवर्षी दाखवतो.

तिसरा_थर

नावावरून कळलंच असेल, गोविंदा. उपनगरातलं पथक, १७ वर्षं झाली. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रोज रात्री सराव.

आमच्यात एक नियम आहे, पथक चालवणाऱ्या दादानं घातलेला. थरातल्या कुणीही, अगदी तळातल्या नवीन पोरानंही "उतरव" म्हटलं की उतरवायचं. का, कशाला, हे सगळे जमिनीवर आल्यावर. २०१८ ला आठ लावायला गेलो होतो. खाली माईकवर बक्षिसाचे आकडे वाढतायत, समोरचं पथक आठ लावून गेलेलं. सहावा थर बसला आणि माझ्या बाजूच्याचा पाय लटपटायला लागला. तो बोलेना. मला खांद्यातून कळत होतं पण मीही बोलेना, एवढी गर्दी बघतेय. दादानं खालून त्याच्या पोटरीकडे बघितलं आणि हात खाली केला. सहावरूनच उतरलो. एकाला खरचटलंही नाही.

पोरगा रडत होता, माझ्यामुळे गेलं म्हणून. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, उतरवायचं मी ठरवलं, कुणी काही विचारायचं असेल तर मला विचारा. मग आम्हा तिसऱ्या थरवाल्यांकडे वळून, "पाय हलत होता हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. ओरडला का नाहीत?" तो प्रश्न मला आजही टोचतो. वर चढवलेलं पोर चौदा वर्षांच्या वरचं असलं तरी कुणाचं तरी पोरच आहे ना.

माणदेशी_माय

पोरा सांभाळून रं. आमच्या गावातबी फोडत्यात हंडी, माझं तर काळीज धडधडतंय.

तिसरा_थर

@माणदेशी_माय आता हेल्मेट, दोर, विमा सगळं असतं काकी. आई तरी बघायला येत नाही. पण माळ्यावरचा मोठा डबा काढायचा असला की पहिली हाक मलाच 😄

टाळकरी

"कुणीही उतरव म्हणू शकतो" वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

माउलींच्या पालखीसोबत १४ वर्षं चालतोय. आमची दिंडी रथामागं. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला चोप (दंड) उंच करतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्यांनी अनुभवलंय त्यांना ती शांतता माहितेय.

पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. एवढ्या माणसांच्या शांततेत फक्त तेवढेच टाळ. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात. पाणी मिळालं नाही, वाटेत मध्येच वाहन घुसलं, काहीही असेल. तोड निघाली की टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ पासून सोहळ्याला आजचं रूप दिलं. रथापुढं २७ दिंड्या, मागं शेकड्यांनी, आणि कुणाच्या हातात नेमणुकीचं पत्र नाही.

मी कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. महिन्याला मीटिंग असायची. "कुणाला काही अडचण?" विचारलं की सगळे माना खाली घालून बसायचे. मी वहीत लिहायचो, अडचण नाही. पाचव्या-सहाव्या वारीत ते एकटे टाळ ऐकताना डोक्यात आलं की माझ्या माणसांना वाजवायला टाळच नाहीत. परत आल्यावर मीटिंग बंद केली. शिफ्ट सुरू होताना मशिनपाशी जाऊन एकेकाला विचारायचं, काल काय अडलं? "काही अडलं का" असं नाही, "काय अडलं". पहिले आठ दिवस "काही नाही साहेब". नवव्या दिवशी प्रेस मशिनवरचा एक जण म्हणाला, बोटं वाचवणारा गार्ड सैल आहे, दोन महिने झाले. दोन महिने! त्याच्या बोटांकडं बघून मला रात्री झोप लागली नाही.

गवतीचहा

@टाळकरी काका, हे मी भाच्याला जसंच्या तसं पाठवते आहे. वाजत राहणाऱ्या टाळांचं ठाऊकच नव्हतं.

शून्यप्रहर

"काय अडलं" उद्यापासून सुरू.

माणदेशी_माय

आमच्या बचत गटात १२ बायका. अध्यक्षीण सातवी शिकल्याली. एकीचा हप्ता तीन महिनं थकला. बाकीच्या म्हणल्या बैठकीत नाव वाचा, लाज वाटंल मग भरंल. अध्यक्षीण म्हणली न्हाई. सांजच्याला कालवण भाकरी घिऊन तिच्या घरी गेली, चुलीपाशी बसली. तवा कळलं नवरा दोन महिनं अंथरुणाला खिळलाय. कुणालाच म्हाईत न्हवतं, एकाच आळीत ऱ्हातो आमी. मग बैठकीत निसतं येवढंच मांडलं की हप्ता अर्धा करूया, मुदत वाढवूया. का ते सांगितलं न्हाई. तिची परवानगी न्हवती म्हणून. आमी कुणी इचारलंबी न्हाई. पैसं सगळं फिटलं.

मोबाईलवर लिवतीया, चुकलंमाकलं समजून घ्या.

पाणपोई

@माणदेशी_माय कारण न सांगता सगळ्या बायकांनी मान्य केलं, म्हणजे अध्यक्षीणबाईंच्या शब्दाला केवढं वजन असेल!

वाळवंटात_पाऊस

वाईट अनुभव.

२०१६, आखातात होतो. वडिलांना अटॅक आल्याचा पहाटे फोन. साहेबांकडे रजेला गेलो. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, ऑडिट होऊ दे, मग बघू. पाचव्या दिवशी वडील गेले.

तिकीट आमच्या फोरमननं काढलं. केरळचा माणूस. मी नुसता बसून होतो, त्यानंच माझी बॅग भरली, विमानतळावर सोडलं, तिथं शेजारी बसून राहिला. एक शब्द बोलला नाही. बरं वाटेल, धीर धर, काही नाही. पैसे परत द्यायला दोन महिने लागले, एकदाही आठवण केली नाही. त्यानं पुढं स्वतःचं वर्कशॉप काढलं तेव्हा आमच्यातले सहा जण पगार कमी असूनही त्याच्याकडे गेले. मी त्यातलाच.

साहेबांवर आता राग नाही. पण त्यांनी एकदा मान वर करून बघितलं असतं तर मला ते पुरलं असतं. रजा नाही दिली तरी.

गवतीचहा

काय बोलू. वडिलांच्या शेवटच्या क्षणी जाता आलं नाही हे दुःख जात नाही. सांभाळा.

टाळकरी

माउली 🙏

जुनीपेठ

मीही गेलोय यातून. कधी बोलावंसं वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

पाणपोई

आले एकदाची. मुलं झोपली.

आईचं एकच लिहिते. सफाईच्या मावशींना ती "अहो मावशी" म्हणायची आणि वॉर्डात आलेल्या शिकाऊ डॉक्टरांनाही तसंच म्हणायला लावायची. तिचं म्हणणं, कुठला पेशंट रात्रभर कण्हत होता, कुणी जेवण तसंच टाकलं, हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. "ए" म्हणून हाक मारलीत तर त्या सांगणार नाहीत.

वऱ्हाडी_संत्रं

आमच्याकडे नागपूरले "हो जी" म्हटलं का झालं. साहेबालेही जी अन् चहावाल्यालेही जी.

स्लिपमधला

कोकणात आजोबांच्या वयाच्या माणसाला सर्रास एकेरी हाक मारतात, प्रेम तेवढंच. अरेतुरेवर वेगळा धागा काढा कुणीतरी.

पाणपोई

@स्लिपमधला काढच तू. शंभर प्रतिसाद नक्की.

नवखी_पुणेकर

धागा सुंदर चाललाय, अवांतराबद्दल क्षमस्व. हिंजवडी फेज ३ कडे रात्रपाळीवाल्यांना घरगुती डबा देणारं कुणी आहे का? भाऊ नुकताच लागलाय, रोज वडापाव खातोय.

शून्यप्रहर

@नवखी_पुणेकर आमच्या टीमला एक काकू देतात, भाकरीही असते. व्यनि केलाय.

तिसरा_थर

भाकरी?? मलापण व्यनि कर.

गवतीचहा

भाच्याचा आत्ता मेसेज आला. टाळांचं वाचून विचारतोय, मावशी, आमच्यातले तिघं बंगळूरहून काम करतात, ते फक्त स्क्रीनवर दिसतात. त्यांच्या मशिनपाशी कसं जाऊ? घरून काम करणाऱ्यांनी लिहा ना यावर. सकाळी वाचते, आता दूध विरजायचंय.